ताईच्या पाळणाघरातला पंखा

पाळणाघरासाठी पंखा निवडताना त्याने हात आखडता घेतला नव्हता. खोलीतली हवा बाहेर फेकणारे पंखे बसवण्यात त्याची अर्धी हयात गेली होती आणि हे तर सख्ख्या ताईचं काम. खोलीच्या मापाला मधला पुरला असता. पण बहिणीकडे मधला? छे! त्याने सगळ्यात मोठा बसवला. शिवाय धूळ नको म्हणून खिडक्यांच्या फटीसुद्धा बुजवल्या.

आठवड्याने तो कौतुक ऐकायलाच आला. ताईने दारातच सुरुवात केली.

"काय जादू केलीस रे! आधी एकेकाला झोपवताना नाकी नऊ यायचे. आता दार लावून पंखा सुरू केला की पोरं ढिम्म हलत नाहीत. माझंच तेवढं डोकं दुखतं."

"तुझं डोकं मी जन्मलो तेव्हापासून दुखतंय."

दोघंही हसली. त्याने खिशातून पातळ कागदाची पट्टी काढून पंख्यापुढे धरली. ती झपकन जाळीला चिकटली. त्याची तपासणी दरवेळी इथेच संपायची.

"तो गॅसचा गिझरही बघ ना," ताई म्हणाली. "ज्योत पिवळी दिसते हल्ली."

गिझर त्याच खोलीच्या कोपऱ्यात, झोपलेल्या मुलांच्या पलीकडे, जळत होता. त्याचा धूर नळीने वर छताबाहेर जायचा. नळीच्या तोंडाशी त्याने सहज पट्टी धरली. ती आत ओढली जायला हवी होती. ती उलटी त्याच्या तोंडावर उडाली.

त्याने बुजवलेल्या खिडक्यांकडे पाहिलं. पंख्याला हवा हवी होती आणि बाकी सगळ्या वाटा त्यानेच बंद केल्या होत्या. पंखा नळीतून हवा ओढत होता आणि वर जाणाऱ्या धुरातला विषारी वायू, ज्याला वासही नसतो, मुलांवर उतरत होता.

"ताई, उचल पोरांना! बाहेर!"

त्याने गिझर बंद केला, कोपराने काच फोडली. सात मुलं अंगणात आणली. सहा रडली. सातवी, सगळ्यात धाकटी, त्याच्या हातात चिंधीसारखी लोंबत होती. तो वेड्यासारखा तिची पाठ चोळत राहिला. रुग्णवाहिका येऊन तोंडावर प्राणवायू लावल्यावर तिने कण्हल्यासारखा बारीकसा आवाज काढला.

"पंखा बिघडला होता का रे?" ताईने विचारलं.

हो म्हटलं असतं तर तिने विश्वास ठेवला असता.

"नाही गं. पंखा उत्तम आहे. चुकलो मी. पोरं झोपत नव्हती, ताई, त्या वायूने बेशुद्ध पडत होती."

ताई मटकन पायरीवर बसली.

"आणि मी सगळ्या आयांना सांगत होते," ती म्हणाली, "माझ्या भावाने बसवलाय म्हणून."