काचेतला मृदंग

मित्रांनो, मी एक जुना मृदंग आहे. जुनं ते माझं खोड. कातडं मात्र यंदाचं. डोणगावच्या कादरमियांनी चाळीस वर्षं माझे पुडे, म्हणजे तोंडांवरची कातडी, घातले. त्यांची बोटं थरथरू लागली, तेव्हा त्यांच्या मुलीनं, राबियानं, नवा पुडा घालून माझ्या चामडी वाद्या आवळल्या. "कीर्तनाच्या ऐन रंगात फाटला म्हंजे कळंन," असं बाजारात कोणी बोललं. राबियानं पुड्यावरच्या काळ्या शाईचा आणखी एक थर घोटला.

मग जिल्ह्याच्या संग्रहालयात आजच्या कारागिरांचं प्रदर्शन भरलं. मातीची भांडी, बांबूचे दिवे, आणि मी. माझ्याखाली पाटी लागली, 'पुडा : राबिया शेख'. उद्घाटनाला, कीर्तनात मला वाजवणाऱ्या निवृत्तीबुवांनी माझ्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावली. तिच्याशिवाय माझा खर्ज लागत नाही. बुवांनी असा ठेका धरला, की सुटाबुटातले पाहुणेही माना डोलवू लागले. विठ्ठलाचं नाव निघालं आणि मला वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

वाजवून झालं की कणीक लगेच काढायची असते. पण बुवांना सत्काराला ओढून नेलं, आणि मला कणकेसकट काचेत ठेवून कुलूप घातलं. वर दिवा तापलेला. एक दिवस गेला, दुसरा गेला. कणीक वाळून आक्रसली, कातडं ओढू लागली. लोक समोर येऊन 'वा वा' म्हणत, आणि माझा जीव काठाशी गोळा झालेला. मी फाटलो तर कणकेला कोण बोल लावणार? बोल त्या पाटीवरच्या नावाला लागला असता. पांडुरंगा, भजनात इतका बोललो, आणि आता एक हाक मारता येईना.

तिसऱ्या दिवशी सुलतानपूरच्या पुष्पाबाई आल्या. गावच्या सप्ताहात मृदंगाची कणीक दरसाल त्याच मळतात. काचेला नाक लावून त्या थबकल्या.

"काव बाई, हे कणीक कवाची हाय?"

"ती मांडणीतलीच आहे, मावशी," देखरेखीच्या संजीवनीताई म्हणाल्या. "वस्तू आली तशीच ठेवायची, असा नियम आहे."

"परातीले वाळलेली कणीक नखानं निघत नाही. हे तं कातडं हाय. जिचं नाव लिवलं तिले फोन लावा, मंग मले नियम सांगा."

ताईंनी फोन लावला.

"खरडू नका," राबिया म्हणाली. "ओलं फडकं ठेवा. मी येऊन राह्यली."

दुपारी तिनं भिजलेली कणीक अलगद सोडवली. काठाशी केसाएवढी चीर निघाली.

"टिकंन का व, पोरी?" पुष्पाबाईंनी विचारलं.

राबियानं बोट मारलं. मी होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून घुमलो. तिनं कान लावून ऐकलं.

"सप्ताहात वाजवू याले," ती म्हणाली. "तिथं कळंन."

मित्रांनो, सप्ताह आठ दिवसांवर आला आहे आणि ती चीर मला अजून जाणवते. कुठं मृदंग दिसला तर कौतुक जरूर करा. पण त्याआधी एकदा त्याच्या डाव्या तोंडाकडे बघा.