काकांच्या टेबलाजवळचा उजेड

प्रवासात हरवलेल्या सामानाच्या तक्रारी त्या ऑफिसात फोनवर घेतल्या जात. लांबट हॉल, बुटकं छत, एक अख्खी बाजू काचेची, आणि डोक्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्याफेक ट्यूबलाइट. शेजारचा मोठ्याने बोलतो म्हणून आपण मोठ्याने बोलायचं, आपलं ऐकून त्याने आणखी आवाज चढवायचा, असं दिवसभर चाले. निळी बॅग हरवलेल्या माणसाला फोनवर मागून कुणाच्या तरी तपकिरी पेटीची चर्चा ऐकू येई. तो म्हणे, "सापडली म्हणताय, पण माझी निळी होती हो."

ऑफिस सांभाळणाऱ्या मॅनेजरबाईंनी छताला आवाज शोषणाऱ्या पट्ट्या लावायचं ठरवलं होतं. पण छताला आग विझवायच्या पाण्याच्या नळ्या होत्या, आणि इमारतीच्या मालकाने त्यांना हात लावायला साफ नकार दिला. मग कुणीतरी प्रकाशयोजना करणाऱ्या एका बाईचं नाव सुचवलं. ती आली, हॉलभर फिरली आणि म्हणाली, "दिवे बदलू या."

मॅनेजरबाईंना वाटलं, हिला नीट कळलेलं नाही. "मला गोंगाट कमी करायचाय. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं होईल हे."

"नाटकाला गेलात तर पडदा उघडायच्या आधी दिवे मंद होतात," ती म्हणाली. "गप्प बसा असं कुणी सांगत नाही. तरी माणसं कुजबुजायला लागतात. भगभगीत उजेडात सगळ्यांना बाजारात उभं असल्यासारखं वाटतं."

तिने ट्यूबलाइट काढून टाकल्या. प्रत्येक टेबलावर मोठी, टोपलीसारखी शेड खाली टांगली. शेड दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाची होती, त्यामुळे खालून वर जाणारा आवाज तिच्यातच जिरायचा. उजेड फक्त टेबलापुरता, आजूबाजूला मंद. चहाच्या कोपऱ्यात मात्र तिने मुद्दाम लख्ख दिवे लावले. गप्पा मारायच्या तर माणसं आपसूक तिकडे जातील, असा तिचा हिशोब होता.

तो बरोबर निघाला. आठवडाभरातच हॉलचा नूर बदलला. एका मुलीने फोन ठेवून शेजारणीला विचारलं, "आज एवढे कमी लोक आलेत का?" सगळे हजर होते. मॅनेजरबाईंनी 'दिवेवाल्या बाईं'ना फोन करून पखालीचं बोलणं मागे घेतलं.

एकच माणूस याला अपवाद होता. हॉलच्या टोकाला एक वयस्कर तपासनीस बसत. समोर सगळे त्यांना काका म्हणत, पाठीमागे भोंगा. ते फोन घेत नसत. एकाच रंगाच्या दोन बॅगा, खोडलेली चिठ्ठी, चुकीच्या गावी गेलेली पेटी, असली गुंतागुंतीची प्रकरणं त्यांच्याकडे यायची. कुणीतरी टेबलाशी उभं राहून विचारायचं आणि काका क्षणात वाट दाखवायचे. त्यांचा आवाज आधीपासूनच मोठा, पण गोंगाटात तो खपून जायचा. आता शांततेत तो आणखी चढला होता आणि टाचणी पडावी तिथे भांडं आदळल्यासारखा वाटे. शिवाय ते तिरसट झाले होते. प्रत्येक वाक्याला "काय? काय म्हणालात?" आणि मग विचारलं एक तर उत्तर भलतंच. दोन बायकांच्या बॅगांची अदलाबदल झाली, तीही त्यांच्याच हातून. लोक त्यांच्याकडे जायचं टाळू लागले.

मॅनेजरबाईंनी त्यांना समजावलं. काकांनी मान डोलावली आणि तितक्याच मोठ्याने म्हणाले, "बरं!" शेवटी बाईंनी दिवेवालीला बोलावून घेतलं. "पालथ्या घड्यावर पाणी. आता त्यांना मागच्या गोदामात बसवावं लागेल. त्याआधी एकदा तुम्ही बघा."

दिवेवाली काकांजवळ जाऊन बसली. काका म्हणाले, "जुने दिवे परत लावा. डोळ्यांना त्रास होतो." तिने उजेड मोजला. टेबलावर हवा तेवढा होता. तिला काही उमगलं नाही.

त्या संध्याकाळी घरी जेवताना सासूबाईंचं आणि तिचं जरा बिनसलं. जेवणाच्या टेबलावरही तिने तसलाच खाली टांगलेला दिवा लावला होता. ती सासूबाईंना नणंदेचा निरोप सांगत होती आणि सासूबाई पानातच बघत होत्या.

"आई, ऐकताय ना?"

"ऐकतेय. पण तो मोठा दिवा लाव आधी. तुझं तोंडच दिसत नाही, कळणार काय कपाळ?"

"कान तपासून घेऊ या म्हटलं तर नको म्हणता."

"माझे कान ठणठणीत आहेत. तूच तोंडातल्या तोंडात बोलतेस."

नवरा हसला. ती हसली नाही. मोठा दिवा लावून ती परत बसली आणि तिला काकांचं टेबल डोळ्यांसमोर दिसलं. शेड बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या जरा वर संपते. समोर उभ्या राहणाऱ्याचा चेहरा शेडच्या वर, म्हणजे अंधारात. आपणच तो अंधारात ढकलला होता.

दुसऱ्या दिवशी तिने खात्री करून घ्यायची ठरवली. काकांसमोर चहा घेऊन बसली, कप ओठांसमोर धरला आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"साखर? चालते की," काका म्हणाले.

तिला बरं वाटलं नाही. तिने कप खाली ठेवला, उजेडात चेहरा पुढे केला आणि हळू विचारलं, "कधीपासून कमी ऐकू येतं?"

काकांनी आजूबाजूला कुणी नाही ना, ते पाहिलं. मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला, इतका की तिलाच पुढे वाकावं लागलं. "बरीच वर्षं झाली. म्हणून तर फोन सोडला. समोरच्याचं तोंड दिसलं की भागतं माझं. घरी फक्त मुलीला माहीत आहे. इथे सांगू नका. तपासनीस बहिरा म्हटलं की झालं, जातो मी गोदामात."

"नाही सांगत. पण तुमच्या समोरच्यांच्या चेहऱ्यांवरचा उजेड माझ्यामुळे गेला, तेवढा परत देते."

तिने त्यांची शेड वर घेतली आणि उभ्या माणसाच्या तोंडावर मऊ उजेड पडेल असा छोटा दिवा बाजूच्या भिंतीला बसवला. मॅनेजरबाईंना सांगितलं, चिठ्ठ्या बारीक अक्षरातल्या असतात, उजेड जास्त लागतो. ते खोटं नव्हतं. काकांचं "काय?" थांबलं, उत्तरं ताळ्यावर आली, आवाजही पुष्कळ उतरला.

पण शेजारच्या दोघांना तो दिवा खुपू लागला. एक जण मॅनेजरबाईंच्या समोर म्हणाला, "काकांनाच का वेगळा दिवा? आम्ही सावत्र का? दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याच वाट्याला?" दुसरीलाही भिंतीवरचा दिवा हवा होता. त्या आठवड्यात हा विषय रोज निघाला. मॅनेजरबाई वैतागून म्हणाल्या, "मग कुणालाच नको. काढून टाकू तो."

काका टेबलाशी बसले होते. त्याच दिव्याच्या उजेडात त्यांनी मॅनेजरबाईंचे ओठ वाचले. उठले आणि हॉलमध्ये येऊन म्हणाले, "मला कमी ऐकू येतं. तोंड दिसलं तर कळतं. म्हणून तो दिवा आहे."

फोनवरच्यांनीही वर पाहिलं. मग सावत्रपणाची तक्रार करणाराच म्हणाला, "आम्हाला वाटायचं, तुम्ही आमच्यावर खेकसता."

"खेकसायचोही कधीकधी," काका म्हणाले.

कुणीतरी हसलं, मग काकाही हसले. मॅनेजरबाई केबिनमध्ये गेल्या आणि गोदामाचा विषय पुन्हा निघाला नाही. दोन बॅगांच्या अदलाबदलीबद्दल काकांनी दोघींना स्वतः फोन करायचं ठरवलं. नंबर शेजारच्या मुलीने लावला आणि पलीकडचं बोलणं ती त्यांच्याकडे तोंड करून पुन्हा सांगत गेली. एकीने बरंच सुनावलं. मुलीने ते जरा सौम्य करून सांगितलं.

पुढे काकांच्या मुलीने त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं आणि यंत्र बसवून आणलं. काकांचं त्याच्याशी लगेच जमलं नाही. खुर्च्या सरकल्या की ते दचकत. जेवणाच्या सुट्टीत यंत्र काढून खिशात ठेवत. तरी घातलं असेल तेव्हा त्यांचा आवाज इतरांसारखाच असे, आणि पाठमोरं उभं राहून बोललेलंही त्यांना थोडंफार कळे.

काही महिन्यांनी दिवेवाली दिव्यांची शेवटची पाहणी करायला आली. एकेक दिवा तपासत ती काकांपाशी पोचली. काका म्हणाले, "बाई, तुमचा हा भिंतीवरचा दिवा गुणगुणतो."

"नाही हो. मी बघूनच बसवलाय."

"मी सांगतो ना."

तिने खुर्ची ओढली, वर चढली आणि दिव्याला कान लावला. बारीक, एकसुरी गुंजन खरंच येत होतं. तिने बॅगेतून सुटा भाग काढला, दिवा बंद करून उघडला आणि काम सुरू केलं. खाली एक मुलगी हातात चिठ्ठी घेऊन काकांना काही विचारायला येऊन थांबली होती.

"थांब जरा," काका तिला म्हणाले. "बाईंचं होऊ दे."