ढग्याची परात

मी एक जुनी परात आहे, मित्रांनो. जर्मनची परात. आमच्या उदगीर भागात ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात. माझ्या काठाला एका बाजूने पोचा आला आहे आणि बूड इतकं झिजलं आहे की सपाट फरशीवर ठेवलं तर मी जराशी डुलते.

एका लहानशा कारखान्यात यंत्राखाली पत्रा दाबून मला आकार दिला गेला. ते मला फारसं आठवत नाही. आठवतो तो बाजारचा दिवस. जगदेवी नावाच्या नव्या सुनेने मला उचललं, टिचकी मारून आवाज ऐकला, उलटी करून बूड पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाली, “हीच द्या. हिचा आवाज भरीव हाय.” तीच जगदेवी आज घरातल्या सगळ्यांची अव्वा आहे.

पुढे कितीतरी वर्षं माझ्यात ज्वारीचं पीठ मळलं गेलं. भाकरी थापताना अव्वाच्या बांगड्या आणि माझा काठ एका तालात वाजत. घासून घासून मला अशी चकाकी आली होती की पाहुण्या आलेल्या बायका म्हणत, “परात हाय का आरसा हाय, जगदेवीबाई?” त्या दिवसांत मला स्वतःचा मोठा अभिमान वाटे.

हे घर लिंगायतांचं. घरातले मोठे चंद्रप्पा, म्हणजे अप्पा, अव्वाचे नवरे. त्यांचं डाळीचं गोदाम आहे. सकाळी गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय ते पाणीही घेत नाहीत. जेवण झालं की ताटात थोडं पाणी ओततात, बोटाने सगळं ताट धुतात आणि ते पाणी पिऊन टाकतात. अन्न हा प्रसाद आहे, त्याचा कणही वाया जाऊ द्यायचा नाही, अशी त्यांची रीत. लेकरांनाही त्यांनी हेच शिकवलं. इतक्या वर्षांत या घरात भरल्या ताटावरून उठलेलं माणूस मी पाहिलं नाही. ही रीत चांगलीच आहे, मित्रांनो. आजही मी तिला नाव ठेवणार नाही. पण चांगली रीतसुद्धा कुठे लावायची याचा विचार करावा लागतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

अप्पांच्या मुलाचं, संगमेशचं लग्न झालं आणि त्याच्या बायकोच्या, मंजुश्रीच्या माहेरहून स्टीलची मोठी परात आली. मी माळ्यावर गेले. दिवाळीच्या साफसफाईत कोणी खाली काढलं तर काढलं. बाकी वर्षभर माझ्या अंगावर धूळ आणि आत चपात्यांचं जुनं पोळपाट.

एके दिवशी संगमेश हैदराबादहून एक पिल्लू घेऊन आला. राखाडी रंग, लांब पाय, लोंबते कान आणि पंजे तर माणसाच्या तळहाताएवढे.

“कुत्रं हाय का वासरू?” अप्पांनी चष्मा वर करत विचारलं.

“तीन महिन्यांचं पिल्लू हाय, अप्पा. ग्रेट डेन म्हणतात. मोठं झालं की गोदामाकडं चोर फिरकायचा न्हाई.”

“चोर कशाला पाहिजे? ह्याला खाऊ घालण्यातच गोदाम रिकामं व्हईल.”

सगळे हसले. संगमेशची चौथीत शिकणारी लेक सृष्टी मात्र पिल्लाच्या गळ्यात हात टाकून बसली होती. रंग पावसाळी ढगासारखा म्हणून तिने त्याचं नाव ढग्या ठेवलं. एवढ्या मोठ्या पिल्लाला पुरेल असं भांडं हवं होतं, म्हणून मला माळ्यावरून खाली काढलं. मला फार आनंद झाला. पण ढग्यासोबत त्याच्या खाद्याची जी पिशवी आली होती, तिच्यावर कोंबडीचं चित्र होतं. अव्वा दोन पावलं मागे सरकली. “त्याच्या नशिबात ते असंल तर खाऊ दे. पर ती पिशवी आन् ही परात आता चुलीपाशी आणायची न्हाई.” म्हणजे पुन्हा कामाला लागले, पण स्वयंपाकघर मला कायमचं बंद झालं.

पहिल्याच दिवशी माझ्यात ते कोरडे दाणे ओतले. ढग्याने हुंगलं, चार दाणे खाल्ले आणि तोंड फिरवून तो सृष्टीच्या पायाशी जाऊन झोपला. नवी जागा, नवी माणसं, लांबचा प्रवास. पिल्लू असं करतंच. पण या घरात पुढ्यातलं अन्न टाकून उठणं म्हणजे काहीतरी भयंकर घडल्यासारखं होतं.

“उठला की हो भरल्या ताटावरून!” अप्पा म्हणाले आणि हातातलं वर्तमानपत्र त्यांनी खाली ठेवलं.

“पोरका जीव हाय. आईची आठवण येत असंल,” अव्वा म्हणाली. थोड्या वेळाने तिने लांब दांड्याच्या पळीतून माझ्यावर तूप सोडलं. ढग्याने तुपाचे दाणे चाटले आणि उरलेले तसेच ठेवले. मग मंजुश्रीने दूध आणलं. मग गूळ आला. शेवटी उरलेले दाणे अप्पांनी खव्यात कालवले आणि एकेक घास त्याच्या तोंडात भरवला, मी रिकामी होईपर्यंत. परात चाटूनपुसून स्वच्छ झाली तेव्हा कुठे घर जेवायला बसलं.

मित्रांनो, पिल्लं फार हुशार असतात. ढग्या आठवड्याच्या आत शिकला. परातीकडे पाठ फिरवायची आणि थांबायचं. थांबलं की तूप येतं, त्यावरही थांबलं की पेढा येतो. जी अव्वा पिशवीला हात लावायला तयार नव्हती, ती आता बाहेरच्या नळावर हात धुऊन ते दाणे स्वतः कालवत होती. “आमचा राजा लई चोखंदळ हाय,” असं ती शेजारणीला कौतुकाने सांगे. संगमेशने औषधाच्या दुकानातून हाडं बळकट करायची पूड आणली. “मोठ्या जातीचं हाय. ह्याला कॅल्शियम लई लागतं,” तो म्हणाला. त्याला हे कोणी सांगितलं होतं, देव जाणे. ती पूडही माझ्यातच पडू लागली.

ढग्या वाढू लागला. नुसता वाढला नाही, भारी होऊ लागला. गल्लीतले लोक थांबून बघत आणि घरातल्या सगळ्यांची छाती फुगे.

लस टोचायला जनावरांच्या डॉक्टर दामिनी आल्या तेव्हा त्यांनी कौतुक केलं नाही. त्यांनी ढग्याचे दात पाहिले, पोट दाबून पाहिलं, ताप मोजला. मग बरगड्यांवरून हात फिरवला आणि त्याला अंगणात चालवून बघितलं.

“काय खातो हा?”

“काहीच खात न्हाई हो, डॉक्टर,” अव्वा कळवळून म्हणाली.

“काहीच न खाता बरगडी हाताला लागत नाही होय, अव्वा?” डॉक्टर हसल्या. पण लगेच गंभीर झाल्या. “पिल्लू आजारी नाही. त्याला भूकच लागू देत नाही तुम्ही. आणि हे बघा, पुढचे पाय बाहेर वळायला लागलेत. एवढ्या मोठ्या जातीचं पिल्लू सावकाश वाढलं पाहिजे. अंग भराभर वाढलं की कोवळ्या हाडांना ते वजन पेलत नाही. वरची कॅल्शियमची पूड तर आजच बंद करा. तिनं फायदा नाही, नुकसान होतं. अजून वेळ आहे. ऐकलंत तर पाय सरळ होतील.”

“मग करायचं काय?” संगमेशने विचारलं.

“सोपं आहे. ठरल्या वेळी परात ठेवायची. पाव तास थांबायचं. खाल्लं तर छान. नाही खाल्लं तर काही न बोलता परात उचलायची. पुढच्या वेळेपर्यंत कोणीही काहीही द्यायचं नाही. सलग दोन-तीन वेळा काहीच खाल्लं नाही, किंवा मलूल दिसला, तर मला फोन करायचा.”

काम सृष्टीने मागून घेतलं. संध्याकाळी तिने मला ढग्यापुढे ठेवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली. ढग्याने हुंगलं, पाठ फिरवली आणि तुपाची वाट पाहू लागला. वेळ झाली. सृष्टीने ओठ घट्ट मिटले आणि मला उचललं. खाणाऱ्यापुढून मला भरलेली उचलण्याची माझ्या सबंध आयुष्यातली ती पहिली वेळ होती.

“अगं, पुढ्यातलं अन्न काढून घेती व्हय?” अप्पा दारातून म्हणाले. “आपल्या घरात?”

“डॉक्टरांनी सांगितलंय, अप्पा.”

“डॉक्टर शिकल्यात, मान्य हाय. पर मुकं जनावर उपाशी आन् मी जेवू कसा?” आणि अप्पा खरंच जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सृष्टीने मला पुन्हा खाली ठेवलं. ढग्या आला. हुंगलं. आणि मित्रांनो, तो खाऊ लागला! तूप नाही, गूळ नाही, नुसते कोरडे दाणे तो कुरुम कुरुम खात होता. त्याची खरखरीत जीभ माझ्या बुडावर फिरली तेव्हा मला भाकरीच्या दिवसांइतकंच समाधान वाटलं. सृष्टी टाळ्या पिटत घरभर नाचली. काही दिवस असेच गेले.

आणि मग तो पुन्हा खाईना.

दोन-चार दाणे तो तोंडात घेई आणि खेळेही, म्हणून डॉक्टरांना फोन करायचं कोणाला सुचलं नाही. सृष्टीला काही कळेना. तिने वेळ बदलून पाहिली, जागा बदलून पाहिली. पाव तास झाला की ती मला बघे आणि माझ्यातले बहुतेक दाणे तसेच पाहून तिचा चेहरा उतरे. एकदा तर ती ढग्यापुढे बसून रडली. “मी ठेवलेलंच तुला आवडत न्हाई ना? जा. मीबी बोलणार न्हाई तुझ्याशी.” ढग्या शेपूट हलवत राहिला. त्याला काय कळणार?

मला मात्र सगळं दिसत होतं. पूजा आटोपून अप्पा बाहेर येत तेव्हा त्यांच्या मुठीत पेढा असे. अव्वा मागच्या दाराशी तूपभाकरीचा लाडू करून नेई. मंजुश्री चहासोबत बिस्किटं देई. संगमेशने पूड बंद केली होती, पण गोदामात गेला की ढग्याला गुळाचा खडा मिळेच. प्रत्येकाला वाटे, आपलं एवढंसंच तर आहे. दुसरा कोणी देतो हे कोणालाच माहीत नव्हतं. परातीला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं.

पावसाळा संपता संपता एका सकाळी ढग्या ओसरीच्या पायऱ्या चढताना घसरला. उठायला गेला, पुन्हा बसला. तिसऱ्यांदा त्याने प्रयत्नच केला नाही. नुसता सृष्टीकडे बघत राहिला. सगळ्यांनी मिळून त्याला चादरीत घालून गाडीत ठेवलं आणि लातूरला नेऊन त्याच्या पायांचे एक्स-रे फोटो काढले.

ते फोटो घेऊन डॉक्टर दामिनी घरी आल्या. अंगणात सगळे उभे होते.

“मी सांगितलेलं केलं नाही का तुम्ही?”

“केलं!” सृष्टी म्हणाली. “एकबी दिवस चुकले न्हाई मी.”

“मग याला बाहेरचं कोण देत होतं?”

 अप्पा खालच्या आवाजात म्हणाले, “सकाळी एक पेढा. प्रसादाचा.” अव्वाने पदर तोंडाला लावला. “भाकरीचा इवलासा लाडू...” मंजुश्री म्हणाली बिस्किटं. संगमेशने खिशातला गुळाचा खडा काढून ओसरीवर ठेवला. प्रत्येक जण दुसऱ्याकडे आश्चर्याने बघत होता.

सृष्टी एकेकाच्या तोंडाकडे बघत गेली. मग ती ढग्याजवळ बसली आणि त्याच्या मानेत तोंड खुपसून म्हणाली, “आणि मी तुझ्यावर रागावले होते रे.”

अप्पा आत निघून गेले. 

आता ढग्या दोन वर्षांचा आहे. आहार ताळ्यावर आला, वजनही आटोक्यात आहे. पण वळलेली हाडं पूर्ण सरळ झाली नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, वाढीच्या वयात जे व्हायचं ते होऊन गेलं. थंडीत त्याचे पाय दुखतात. मान खाली वाकवताना पुढच्या पायांवर भार येतो, म्हणून मला एका लाकडी खोक्यावर ठेवतात. मला ठेवायचं आणि उचलायचं काम आता अप्पा स्वतः करतात. माझ्यात दाणे उरले तर डब्यात घालून झाकण लावतात आणि पुढच्या वेळेला तेच देतात. भरलेली परात उचलणं त्यांना अजून जड जातं. पण ते उचलतात. घरातल्या कोणाच्या मुठीत आता काही नसतं.

मित्रांनो, ढग्याचे लाड या घराने कमी केले नाहीत. कमी पडलं ते एकमेकांना विचारणं. तुमच्या घरी पिल्लू येईल तेव्हा सगळ्यांनी एकत्र बसा. त्याला कोण देणार, काय देणार, किती वेळा देणार, हे ठरवा आणि ठरवलेलं पाळा. पिल्लाने परातीकडे पाठ फिरवली तर आधी ते आजारी नाही ना, हे जाणकाराला दाखवून घ्या. आजारी नसेल, तर त्याला भूक लागू द्या. त्याच्या तोंडाशी घास नेताना मनाला एकदा विचारा, हा घास त्याच्या भुकेसाठी आहे की माझ्या समाधानासाठी?

संध्याकाळी सृष्टी ओसरीवर अभ्यासाला बसते. ढग्या अंगणातून येतो, पहिल्या पायरीवर पंजा ठेवतो, थोडा वेळ वर बघतो आणि पंजा परत खाली घेतो. मग सृष्टीच दप्तर उचलून खाली येते. भरलेली परात उचलताना वाईट वाटतं, हे खरं आहे. ते वाईट तेव्हा पाव तासच सोसायचं होतं. या घराला ते सोसलं नाही. आता रोज त्या पायरीशी ढग्या ते सोसतो.