निरोपाचा काहवा

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. जुना म्हटलेलं मला चालतं, गळका म्हटलेलं मात्र मी खपवून घेत नाही. पोटाला एक पोचा आहे, मुठीचा रंग उडाला आहे, झाकणावरचं बटण दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नाही. पण सकाळी भरलेला काहवा संध्याकाळी माझ्यातून वाफाळता निघतो की नाही, हे मस्कतच्या अल हैल भागातल्या आमच्या कोणत्याही शेजाऱ्याला विचारा.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. तिथे एका भांड्यात दुसरं भांडं बसवलं, दोघांमधली हवा काढून घेतली आणि तोंड बंद केलं. माझी सगळी करामत त्या रिकाम्या जागेत आहे. मग जहाजाने ओमान, आणि ट्रकने मस्कतमधला रुवीचा बाजार. दुकानदाराने मला काचेच्या कपाटात अगदी पुढे ठेवलं होतं, त्यामुळे मी काही दिवस जरा हवेतच होतो.

जहूरभाईंच्या मालकाने मला विकत घेतलं. जहूरभाई मूळचे रायगडातल्या श्रीवर्धनचे. टाइल्स आणि नळांच्या दुकानात ते नुकते नोकरीला लागले होते. ओमानी मालकाला सगळे अर्बाब म्हणत. त्याने मला जहूरभाईंच्या टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, गिऱ्हाईक आलं की आधी काहवा, मग भाव.

काहवा म्हणजे वेलची आणि गुलाबपाणी घातलेली बिनदुधाची कॉफी. बिनकानाच्या इवल्याशा कपात ती ओततात आणि सोबत खजूर देतात. कप भरायचा नसतो, तळ झाकेल इतकंच ओतायचं. पाहुण्याने कप रिकामा करून पुढे धरला की पुन्हा ओतायचं. ‘पुरे’ हे तोंडाने सांगायची पद्धत नाही. पाहुणा कप हातातल्या हातात जरासा हलवतो, की ओतणारा थांबतो. कप हलला नाही तर ओतत राहायचं. हा नियम जहूरभाई पहिल्याच दिवशी शिकले आणि मीही.

पुढे अर्बाबने दुकानात मोठं यंत्र आणलं आणि जहूरभाईंनी मला घरी नेलं. त्यांच्या घरी मी फार लाडात राहिलो. त्यांची बायको खतिजा मला रोज गरम पाण्याने विसळायची आणि उपडा न ठेवता तिरका टेकवायची, म्हणजे आत वास राहत नाही. त्यांची मुलगी निदा शाळेत जायला लागली तेव्हापासून पाहुण्यांना ओतून देण्याचं काम तिचंच. डाव्या हातात मी, उजव्या हातात कप. ओमानी शेजारीण तिचं कौतुक करायची, त्यातलं थोडं कौतुक मी माझ्या खात्यात टाकायचो.

मग घरात एक सोनेरी थर्मास आला. उंच, नक्षीदार, चोच मोराच्या मानेसारखी. त्यात काहवा दुपारीच कोमट होतो, पण हे विचारतो कोण? मी मिक्सरच्या खोक्यामागे माळ्यावर गेलो. तिथे मी पुष्कळ दिवस काढले. खरं सांगतो, मला राग आला होता. माणूस रागावला तर उठून निघून तरी जातो, रिकाम्या थर्मासाने कुठे जायचं?

एक दिवस माळ्याचं दार उघडलं. निदा खुर्चीवर चढून मला शोधत होती. तिला जर्मनीतल्या लाइप्झिग नावाच्या शहरात पर्यावरणाचं इंजिनिअरिंग शिकायला प्रवेश मिळाला होता. खाली खतिजा बॅगेत तांदळाचं पीठ, मसाला आणि वाळवलेले सोडे कोंबत होती, आणि जहूरभाई सोडे गुपचूप बाहेर काढत होते.

“अम्मी, मी हा जुनावाला नेते,” निदा म्हणाली. “नवीन ब्रेक होईल.”

असा मी विमानात बसलो. पोटात जाळीच्या पिशवीतले कप घेऊन, निदाच्या स्वेटरात गुंडाळून. माळ्यावरून थेट युरोप! त्या सोनेरी साहेबांचा चेहरा पाहायला मिळायला हवा होता.

लाइप्झिगमधलं वसतिगृह स्वच्छ होतं. निदाच्या मजल्यावर तिची खोली, आणखी दोन खोल्या आणि एक सामायिक स्वयंपाकघर. आम्ही शनिवारी संध्याकाळी पोचलो. रविवारी तिथे दुकानं बंद असतात हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ओमानमध्ये रविवारी कामाचा आठवडा सुरू होतो. निदा पिशवी घेऊन खाली गेली, बंद दारांच्या दोन रस्त्यांवरून फिरली आणि तशीच परत आली.

स्वयंपाकघरात फ्रिडा नावाची मुलगी भोपळ्याचं सूप ढवळत होती. बाजूला ओंद्रेय नावाचा उंच मुलगा पाव कापत होता. फ्रिडा मागे वळली आणि इंग्रजीत म्हणाली, “आमच्याबरोबर जेवतेस का?”

निदाला सपाटून भूक लागली होती. तिने हसून सांगितलं, “नको, थँक यू.”

आता मित्रांनो, आपल्या घरी यानंतर काय होतं हे तुम्हाला ठाऊक आहे. समोरचा म्हणतो, अगं, असं कसं, बस तर खरी, थोडंसं घे. मग आपण पुन्हा नको म्हणतो. मग ताट समोर येतंच. निदा तशीच हसत उभी राहिली. पण फ्रिडा म्हणाली, “बरं,” आणि सूप दोन वाट्यांत ओतलं. निदा खोलीत आली, दार लावलं आणि खजूर खाल्ले. त्या मुलीचा मला असा राग आला, की आत गरम पाणी असतं तर मी शिट्टी मारली असती.

पुढचे आठवडे असेच गेले. निदा वर्गात जायची, कचेऱ्यांच्या रांगांत उभी राहायची, ट्राममध्ये खिडकीला डोकं टेकायची. संध्याकाळी स्वयंपाकघर रिकामं झाल्यावरच भात लावायची. जेवताना ती मला टेबलावर ठेवायची आणि माझ्या पोटाला फोन टेकवायची. मी फोनची पाठ बघत घरचे आवाज ऐकायचो.

“काय गो, जेवलीस काय?” खतिजा विचारायची.

“हो अम्मी. आय ॲम फाइन.”

“तिकडची पोरं विचारतात काय तुला?”

“एकदा विचारलं होतं. मग नाही.”

“एकदाच?” खतिजाचा आवाज चढायचा. “एकदा विचारून गप बसतात? कसली गो माणसं ती!”

मला अगदी पटायचं.

ऑक्टोबर संपताना तिथली घड्याळं एक तास मागे करतात. त्यामुळे मस्कत आणखी एक तास लांब गेलं. निदा फोन लावायची तेव्हा घरी जेवणं उरकलेली असायची. अंधारही लवकर पडायला लागला. एका संध्याकाळी तिला बोलताच येईना. ती नुसती रडत राहिली, आणि फोन माझ्यावरून घसरला.

“निदा, ऐक,” जहूरभाई शांतपणे म्हणाले. “नसेल जमत तर ये. घर तुझंच हाय. मस्कतच्या कॉलेजात जागा अजून हाय, पण रविवारपर्यंतच. मी रविवारी दुकान बंद करून घरी आलो की तिकीट काढतो. काढू ना?”

“काढा, अब्बा.”

 मागून खतिजाने कपाट उघडल्याचा आवाज आला.

“एक मात्र कर,” जहूरभाई म्हणाले. “ज्यांच्यासोबत राहिलीस त्यांना काहवा पाजल्याशिवाय निघू नको. थर्मास हाय ना?”

“अब्बा, ते माझ्याशी बोलत पण नाहीत.”

“नसतील बोलत. आपण तर बोलू. मग खलास, ये.”

म्हणून त्या रविवारी दुपारी निदाने मला घासूनपुसून लख्ख केलं. वेलची कुटली, गुलाबपाण्याची बाटली उघडली. तो वास माझ्या अंगात शिरला तेव्हा मला अल हैलची बैठकीची खोली आठवली आणि मी मनातून फार हेलावलो. तिने दोन्ही दारांवर टकटक केली. “मी घरी परत जातेय. जायच्या आधी माझ्याकडची कॉफी प्या,” एवढंच म्हणाली. फ्रिडा आणि ओंद्रेय आले, आणि खुर्च्यांच्या टोकावर बसले.

निदाने ओतलं. ते प्यायले, छान आहे म्हणाले आणि त्यांनी कप टेबलावर ठेवले. कप हलले नव्हते. निदाने पुन्हा ओतलं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ते पुन्हा प्यायले. तिने आणखी ओतलं. शाळेत जायला लागल्यापासून जे हात हे शिकले होते ते थांबणार कसे? मी हलका होत चाललो होतो. ओंद्रेयचं कपाळ घामाने चमकायला लागलं. फ्रिडाने एक खोल श्वास घेतला आणि औषध घ्यावं तसा कप रिकामा केला. मी रिकामा झालो तेव्हा निदा आनंदाने उठली. “आवडलं ना? मी अजून करते.”

“निदा,” ओंद्रेय घाबरून म्हणाला, “माफ कर. पण हे थांबवायचं कसं?”

 निदाने कप उचलून हलवून दाखवला. “असं! तुम्ही हलवला नाहीत, म्हणून मी...”

“आम्हाला वाटलं, कप रिकामा केला नाही तर तुला वाईट वाटेल!” फ्रिडा म्हणाली. “मला आज झोप लागणार नाही.”

आधी ओंद्रेय हसला, मग तिघंही. लाइप्झिगला आल्यापासून निदाचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं. हसता हसता ती म्हणाली, “तुम्ही नको म्हणायचंत ना!”

“तू तर नको म्हणालीस,” फ्रिडा म्हणाली. तिचा चेहरा गंभीर झाला होता. “पहिल्याच रविवारी. मी जेवायला बोलावलं तेव्हा. मला वाटलं, तुला एकटीलाच राहायला आवडतं. मग तू आम्ही नसताना स्वयंपाक करायला लागलीस. म्हणून आम्ही लवकर आवरून स्वयंपाकघर मोकळं ठेवायचो, तुला त्रास नको म्हणून.”

“पण मी एकदाच नको म्हणाले होते!”

“एकदा म्हणजे नकोच ना?”

निदा खाली बसली. “नाही,” ती हळूच म्हणाली. “आमच्याकडे पहिलं नको म्हणजे फक्त रीत असते. मला खूप भूक लागली होती, फ्रिडा.”

मित्रांनो, मी आतापर्यंत हजारो कप ओतले. पण त्या क्षणी मला कळलं की इतके दिवस मी भलत्याच माणसांवर चिडलो होतो. ती दोघं तिला टाळत नव्हती. ती तिच्या शब्दाला मान देत होती. मला माझ्या रागाची लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला.

फ्रिडा उठली. फ्रिजमधून कालचा डाळीचा पदार्थ काढून तिने गॅसवर ठेवला. “निदा, आमच्याबरोबर जेवतेस का?”

निदाचे ओठ सवयीने ‘नको’ म्हणायला उघडले. तिने ते मिटले आणि मग म्हणाली, “हो.”

ताट समोर आलं तेवढ्यात तिला घड्याळ दिसलं. ओमानमध्ये दुकान बंद करायची वेळ होऊन गेली होती. तिने घाईघाईने फोन माझ्यावर टेकवला.

“अब्बा, तिकीट काढलंत?”

“काढतोय गो. नाव टाकतोय तुझं.”

“नका काढू.”

 पलीकडे जहूरभाईंनी घसा साफ केला. “नक्की?”

“नक्की. मी इथे जेवतेय, अब्बा. यांच्याबरोबर.”

ओंद्रेयने मागून चमचा उंच करून दाखवला. जहूरभाई हसले. फोन खतिजाकडे गेला.

“अम्मी?”

“हाय मी.” खतिजाचा आवाज बारीक झाला होता. “तुझ्या पलंगावर नवी चादर घातली होती गो. निळी. उशीचे अभ्रे पण धुतले.”

“अम्मी, सॉरी...”

“सॉरी कशाला? जेव तू. गरम हाय तोवर जेव.” मग ती म्हणाली, “चादर राहू दे तशीच. सुट्टीत येशील तेव्हा हायच.”

फोन बंद झाल्यावर निदा डोळे पुसत जेवली. फ्रिडाने तिच्या ताटात पुन्हा वाढलं, न विचारता. ती लवकर शिकणारी मुलगी आहे.

आज मी तुमच्याशी बोलतोय तो अल हैलच्या घरातल्या स्वयंपाकाच्या ओट्यावरून. नाताळच्या सुट्टीत निदा घरी आली आहे आणि निळ्या चादरीवर दिवस चढेपर्यंत झोपते. माझ्या झाकणातलं रबर झिजलं होतं. नवीन थर्मास घेऊ, असं या घरात कुणीही म्हटलं नाही. जहूरभाईंनी रुवीच्या तीन दुकानांत फिरून रबर शोधून आणलं. मी या माणसांचा फार ऋणी आहे. लाइप्झिगमधल्या त्या दोघांचाही आहे. नकोशी झालेली कॉफी एका अनोळखी मुलीचं मन राखायला कुणी इतकी पितं का?

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा जुना थर्मास असेल तर त्याला साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवू नका, गरम पाण्याने विसळा आणि झाकण उघडं ठेवून वाळवा. रबर झिजलं तर बदला, थर्मास टाकू नका. आणि तुमच्या वर्गात, तुमच्या मजल्यावर कुणी नवीन आलं आणि पहिल्यांदा ‘नको’ म्हणालं, तर थोडं थांबा आणि पुन्हा विचारा. कदाचित त्याला फार भूक लागली असेल, आणि दूर कुठेतरी त्याची आई रिकाम्या पलंगावर चादर घालत असेल.