चाळणीत राहिलेला काळा खडा

मी चाळण बोलतेय. तुम्ही ऐकताय असं दिसतंय खरं, पण दिसण्यावर मी कधी विश्वास ठेवत नाही. आयुष्यभर माझ्यात जे पडलं, त्यात काही ना काही लपलेलं असायचंच. संशय हा माझा स्वभाव नाही, ते माझं काम आहे.

माझा जन्म पुण्याजवळच्या वारज्याचा. नव्व्याण्णव साली इथे शेतं विकली जाऊन इमारती उठत होत्या. सेंट्रिंगच्या फळ्यांची चौकट, धरायला दोन कान आणि पाव इंची जाळी, एवढंच माझं भांडवल. या इमारतीची सगळी वाळू माझ्यातून गेली. भिंतींच्या गिलाव्यात काय आहे आणि काय असायला हवं होतं, ते मला विचारा. कुणी विचारलं नाही म्हणा. काम संपलं तसं मला पाण्याच्या टाकीमागे फेकून सगळे निघून गेले.

मग कॉम्प्युटरवाली मंडळी राहायला आली. त्यांना बाग हवी होती, आणि बिल्डरने बागेच्या नावाखाली नुसता राडारोडा पसरून ठेवला होता. सोसायटीचा माळी कचरू याने मला उचललं. सिमेंटची ढेकळं, फरशीचे तुकडे, खिळे वेगळे करत दोन वर्षं आम्ही त्या जमिनीची माती केली. त्याने कोपऱ्यात खताचा खड्डाही केला. पालापाचोळा, भाज्यांची देठं आणि घराघरातलं निर्माल्य तिथे पडायचं.

कचरूची बायको हिरा याच इमारतीत चार घरची धुणीभांडी करायची. त्यातलं एक घर कौशल्याआजींचं. मुलगा संतोष हिंजवडीला नोकरीला, म्हणून आजी परभणीहून देवघरासकट इथे आलेल्या. हिराने सगळं घर पुसायचं, फक्त देवघराला हात लावायचा नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. हिरानेही कधी लावला नाही.

एका दसऱ्यानंतर आजींची अन्नपूर्णा सापडेना. लग्नात आईने दिलेली, अंगठ्याएवढी चांदीची मूर्ती, हातात पळी धरलेली. वाटीतल्या तांदळांत ती उभी असायची. आजींनी घर पालथं घातलं आणि मग घरात येणारं बाहेरचं माणूस मोजलं. ते एकच निघालं.

खड्ड्यापाशी बायका बोलायच्या, त्यातून मला पुढचं कळलं. हिरा म्हणाली होती, "आजी, आमच्यात देवघरच नसतं. नेऊन ठेवू कुठं?"

"मोडीत घालायला देवघर लागत नाही," आजी म्हणाल्या.

ज्या देवघराला शिवायची मनाई, त्याच देवघरातली चोरी हिराच्या नावावर लागली. उरलेल्या तिन्ही घरांनी महिन्याभरात, अगदी गोड बोलून, तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. पोलिसांत कुणी गेलं नाही, त्यामुळे ती निर्दोष ठरायचीही सोय राहिली नाही.

माघात कचरूने खड्डा उपसला. गुरुवारी सकाळी तो माझे दोन्ही कान धरून खत चाळत होता. भुगा खाली गेला, खडे वर नाचले आणि त्यांत एक काळा खडा राहिला. त्याने तो अंगठ्याने घासला. खड्याला पळी होती. कचरूने इकडेतिकडे पाहिलं आणि तो खिशात टाकला.

मी मनात म्हटलं, झालं, हाही त्यातलाच. तीन दिवस मी त्याला चोर समजत होते. हे सांगताना मला आजही लाज वाटते.

रविवारी सकाळी त्याने मूर्ती खिशातून काढली, पुन्हा शेणामातीत लडबडवली आणि खताच्या ढिगात पुरली. स्वतःशीच पुटपुटला, "माझ्या हातून निघाली तर चोरीचीच ठरेल."

थोड्या वेळाने खत न्यायला पाचसहा माणसं पिशव्या घेऊन जमली. कौशल्याआजीही तुळशीसाठी आल्या. कचरूने माझे कान त्यांच्या हातात दिले. कंबर धरलीय म्हणाला, आज तुमचं तुम्हीच चाळून घ्या. आणि नेमक्या त्या जागचं घमेलं भरून माझ्यात ओतलं.

आजींनी मला हलवलं. काळा खडा वर आला. त्यांनी तो उचलला, बोटांनी चाचपला आणि त्यांची मूठ मिटली.

सोसायटीचे सेक्रेटरी वैजनाथराव शेजारीच होते. त्यांनी विचारलं, काय सापडलं?

"काही नाही," आजी म्हणाल्या. "खडा आहे."

कचरूने मान वर केली नाही. "खडा असेल तर त्या ढिगात टाका, आजी. घरी नेऊन काय करणार?"

आजींचा हात कनवटीपाशी गेला. आता ही तो खोचणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. हात तिथेच थांबला. मग त्यांनी मूठ माझ्या जाळीवर उघडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझी अन्नपूर्णा आहे. तांदूळ बदलताना मीच निर्माल्यात टाकली असणार. हिराला बोलावशील का?"

"ती येणार नाही. तुम्हीच चला."

मातीचे हात न धुता त्या कचरूमागून निघाल्या. तिथलं मला नंतर खड्ड्यापाशीच कळलं. हिराने त्यांना बसायला सतरंजी टाकली, चहा दिला. माफी ऐकून घेतली आणि म्हणाली, "आलाच आहात तर नीट बघून घ्या, तुमचं अजून काही आहे का इथं."

धुणीभांड्याला ती परत आली नाही. सोसायटीने तिला खताच्या खड्ड्याचं काम दिलं. तेव्हापासून निर्माल्याची प्रत्येक पुडी ती देणाऱ्याच्या देखत उघडते, फूल न् फूल बाजूला करून दाखवते, मगच खड्ड्यात टाकते. लोकांना खोळंबा होतो, ते कुरकुरतात. मी तिला दोष देत नाही.

आता माझी जाळी फाटली आहे. लोकांच्या कुंड्यांना खत मॉलमधून पिशवीत येतं, चाळून, वास काढून. त्यात काय असतं देव जाणे. आज ना उद्या मला भंगारात घालाल, घाला. फक्त त्याआधी मला उलटी करून झटका आणि काही अडकलंय का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नंतर हिराला विचारायला जाऊ नका.