त्रेसष्टची बॉडी, सहासष्टचं इंजिन

जितेंद्र गेल्यापासून कामिनीचा पाय घरात ठरत नव्हता. या खोलीतून त्या खोलीत जायची, चहाचं आधण ठेवून विसरायची आणि शेवटी मागच्या शेडचं शटर वर करून उभी राहायची. आत नवऱ्याची लाल एमजीबी, जुनी विलायती गाडी होती, दोन सीटची, उघड्या टपाची. लग्नापासून कामिनी त्या गाडीत डावीकडेच बसली. स्वतःची अल्टो ती नागपूरभर हाकायची, पण या गाडीच्या स्टिअरिंगला जितेंद्रने तिला कधी हात लावू दिला नाही.

तेरवीनंतर काही दिवसांनी भिवापूरहून चंपतरावांचा फोन आला. चंपतराव म्हणजे जितेंद्रचे धाकटे मामेभाऊ, मिरचीचे व्यापारी. तरुणपणी दोघांनी एकेक भंगार एमजीबी मिळवली होती आणि दोन्ही मोडून त्यांतून एक चालती गाडी उभी केली होती. गाडी तयार झाली आणि जितेंद्र सगळ्यांना 'माझी गाडी' म्हणून दाखवत सुटला. तेव्हापासून चंपतरावांनी या घराची पायरी चढली नव्हती. आता त्यांचं मागणं एवढंच होतं की माझं मला परत द्या.

कोणाचं काय, यावर वाद व्हायला जागाच नव्हती. जितेंद्रची मूळ गाडी त्रेसष्ट सालची, चंपतरावांची सहासष्टची, आणि मधल्या काळात कंपनीने बरंच काही बदललं होतं. आधीच्या दारांना ओढायची कडी असे, नंतरच्यांना दाबायचं बटण आलं. इंजिनातला मुख्य दांडा आधी तीन बेअरिंगांवर फिरायचा, नंतर पाचांवर. शेडमधल्या गाडीची बॉडी त्रेसष्टची होती, पण दारांना बटणं होती आणि इंजिन पाच बेअरिंगचं. म्हणजे दोन्ही दारं आणि इंजिन चंपतरावांचं.

कामिनीने फोनवरच हो म्हणून टाकलं. गाडी मोडली की आपण एका जागी बसू, असं तिला वाटलं होतं.

रविवारी चंपतराव टेम्पो घेऊन आले. दोन्ही दारं उतरवून त्यांनी गोधडीत गुंडाळली, टेम्पोत ठेवली आणि इंजिन उचलायला शेडच्या लोखंडी तुळईला चेनपुली बांधायला घेतली. दाराविना गाडी उघडीवाघडी दिसत होती. कामिनी आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. तिसऱ्यांदा बाहेर आली तेव्हा तिच्या मुठीत किल्ली होती.

ती उजवीकडे बसली आणि तिने गाडी चालू केली.

चंपतराव शिडीवरून उतरले. "काय करून राहिले वहिनी? दारं नाहीत तिले."

"दिसते मले. तुम्हाले यायचं असंन तर बसा, भाऊजी. नाही तर बाजूले व्हा."

चंपतरावांनी हातातला पाना खाली ठेवला. मग ते डावीकडे बसले.

वर्धा रोडला लागल्यावर वारा दोन्ही बाजूंनी आत घुसला. कामिनीने पदर खोचला होता, तरी तो फडफडत होता. चंपतरावांनी काचेची चौकट घट्ट धरली होती आणि बाजूचे स्कूटरवाले वळून वळून बघत होते. समोरच्या एका काट्यावर तिची नजर पुन्हा पुन्हा जात होती. इंजिन किती फिरतंय ते दाखवणारा तो काटा शून्यावरच पडून होता. तो बिघडला आहे का, असं तिने विचारलं.

चंपतराव म्हणाले की काटा चांगला आहे. त्रेसष्टच्या इंजिनातून त्याला केबल यायची, पुढे तो विजेवर चालू लागला. त्यामुळे या इंजिनात केबल लावायला जागाच नाही. जितेंद्र नुसत्या आवाजावर गिअर बदलत असणार. "आता बदला," ते म्हणाले, आणि तिने बदलला.

बुटीबोरीच्या अलीकडे तिने गाडी कडेला घेतली. चंपतराव बॉनेटकडे बघत होते.

"मी हिच्यात आज पयल्यांदा बसलो," ते म्हणाले. "त्यानं एक डाव बस म्हटलं असतं, तर मी काही मागतलं नसतं."

कामिनीला नवऱ्याची बाजू घ्यावीशी वाटली, पण सांगण्यासारखं काही सापडलं नाही. "मलेही त्यानं चालवू नाही दिली, भाऊजी," ती म्हणाली आणि उतरून किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

परत येताना चंपतरावांनी गाडी चालवली. ते सावकाश चालवत होते, मान एका बाजूला कलती करून इंजिन ऐकत.

घरी आल्यावर त्यांनी तुळईवरची चेनपुली सोडवली आणि टेम्पोतली दारं पुन्हा चढवली. डावं दार नीट बसेना. पुढच्या रविवारी येऊन बसवून देतो, असं सांगून, किल्ली तिच्याकडे देऊन ते अंधार पडायच्या आत भिवापूरला निघाले.

कामिनीला रविवारपर्यंत धीर निघाला नाही. सकाळी दूधवाला यायच्या आधीच तिने शटर वर केलं, डावं दार दोरीने बांधलं आणि गाडी बाहेर काढली. कुठे जायचं हे तिने ठरवलं नव्हतं.