न कापलेली बेशरम

सुलोचनाबाईचा पाय त्या दिवशी घरात ठरेना. चुलीवर भात टाकून ती अंगणात गेली, अंगणातून पुन्हा आत आली आणि आत कशाला आलो तेच विसरली. कारध्याहून वैनगंगेचा पूल ओलांडला की भंडारा, भंडाऱ्यात दवाखाना. पण नवरा सेवकराम तेवढा पूल पुन्हा ओलांडेल तर शपथ!

त्याच्या गालाच्या आतली जखम भरत नव्हती. वर्षानुवर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळून तोंड इतकं आखडलं होतं, की घास बोटाने आत ढकलावा लागे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी चिमूटभर तुकडा काढून तपासू. ते ऐकून सेवकराम जो उठला, तो थेट घरी.

"परसरामले आपरेशनचं लोखंड लागलं अन् चार महिन्यांत गेला," चुलतभावाचं नाव घेऊन तो सांगे. "हे बेशरमीवानी असते. कापली का तुकडे पान्यासंगं वाहत जाते, जाईन तिथं मूळ धरते. मले कापाचं नाई."

शेतातल्या बोडीच्या, त्या लहानशा तळ्याच्या, पाळीवर बेशरमीच्या झुडपांचं रान माजलं होतं. तिला विळा लावायची त्याने घरात कुणाची छाती होऊ दिली नव्हती. परसरामचा रोग आधीच गळ्यापर्यंत गेला होता, हे मात्र कुणी ध्यानात घेईना. चोर सोडून संन्याशाला सुळी!

काल त्याच्या डोक्याला तेल लावताना सुलोचनाबाईचं बोट जबड्याखाली अडलं. बोराएवढी कडक गाठ, दाबली तरी जागची हलेना. डॉक्टरीणबाईंचं बोलणं तिला आठवलं: कापलं नाही म्हणून हा रोग गप्प बसत नाही, गालाचं मांस पोखरत खोल शिरतो, मानेच्या गाठींत उतरतो, पुढे रक्तातून फुफ्फुसापर्यंत जातो. तेव्हापासून तिच्या जिवाला नुसता घोर लागला होता. सांगावं तर तो खचेल, न सांगावं तर जाईल.

शेवटी भात तसाच झाकून ती म्हणाली, "अजी, बांधीवर चला."

"एवढ्या उन्हात कायले?"

"चला म्हनते ना!"

बोडीच्या खालच्या बांधीत, धानाच्या खाचरात, तिने बोट दाखवलं. पाळीवरची एक फांदी वाकून उन्हाळी धानाच्या चिखलात टेकली होती. सेवकरामने ती ओढली, तर पेरापेराला मुळ्या. पलीकडे दुसरी, तिच्यापुढे आणखी एक.

"हे कोनं कापलं जी?" तिने विचारलं.

"कोनंच नाई."

"मंग आपल्या धानात कशी आली?"

तो फांदी चाचपत मागे गेला; विळ्याचा घाव कुठेच नव्हता. सुलोचनाबाईला हुंदका आवरेना. "तुमच्या मानेत गाठ हाये. काल हाताले लागली."

भर उन्हातही त्याने गळ्याचा दुपट्टा सोडला नव्हता. आता तो सोडला, आणि तिचं बोट धरून त्या गाठीच्या खाली, गळ्याच्या बाजूला टेकवलं. तिथे दुसरी होती.

"दिवाळीपासून मालूम हाये मले," तो म्हणाला.

म्हणजे एवढे दिवस हा माणूस दुपट्ट्याआड तिच्यापासून लपत होता! तिला त्याचा असा संताप आला, की मारावं आणि पोटाशी धरावं, दोन्ही एकदम वाटलं.

"लय उशीर झाला असन का वो?" त्याने लहान आवाजात विचारलं.

खोटा धीर द्यायला तिची जीभ रेटेना. "ते मले नाई समजत. डॉक्टरीणबाईले समजते. उठा."

"हात तं धुवू दे."

तिने त्याला चिखलाच्या हातांनीच पुलाकडे नेलं.